मुंडकं लपवायचं कुठं?

भिंतीवर लावलेल्या वस्तूकडे माणसं दोन प्रकारे बघतात. काही जण वस्तू बघतात. काही जण ती कशानं लावलीय ते बघतात. पहिल्या प्रकारची माणसं जगात जास्त असतीलही, पण आपल्याकडे चहाला येतात ती दुसऱ्याच प्रकारची. चपला काढता काढताच त्यांची नजर भिंतीवर जाते. "वा, छान आहे हो," असं म्हणत ती जवळ जातात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "फक्त हा स्क्रू जरा..." पुढं काही बोलत नाहीत. त्यानंतर यजमानाला स्वतःच्या भिंतीवर स्क्रूशिवाय दुसरं काही दिसत नाही.

लाकडाच्या वस्तूंचं निभावून जातं. लाकडात स्क्रू खोल उतरवायचा, वर लांबी भरायची, पॉलिशचा हात फिरवायचा, सुताराची अब्रू शाबूत. फोटोची फ्रेम आपल्याच पाठीशी खिळा घेऊन लटकते. पंचाईत होते ती घडीव लोखंडाची. लोहारानं भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून वेल काढलेली असते, वेलीला पान आणि पानाला शीरसुद्धा. ती भिंतीला धरून ठेवायची म्हणजे नेमकं पानातून आरपार भोक पाडायचं. लोखंड काळं, धुरकट, हातोड्याचे ठसे अंगावर वागवणारं. आणि त्या भोकात बसतो तो जस्ताचं पाणी चढवलेला, कारखान्यातून परवाच बाहेर पडलेला लखलखीत स्क्रू. एखादा काळासावळा गंभीर गृहस्थ अचानक हसावा आणि आत चांदीचा दात दिसावा, तसं होतं.

मराठी मध्यमवर्गाच्या हॉलमध्ये हा दात आला तो बहुतेक बस्तरमार्गे. छत्तीसगडातल्या कोंडागावच्या भागातले कारागीर मोडीतलं लोखंड तापवतात, ठोकून पातळ करतात, चिरतात, वळवतात आणि त्यातून हरणं, घोडेस्वार, ढोलवाले, झिटकू-मिटकीची जोडी आणि दिव्यांची झाडं काढतात. या कामाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. लांबच लांब मान, त्याहून लांब पाय आणि चेहऱ्यावर जगाशी काही देणंघेणं नसल्याचा भाव असलेलं ते हरीण हस्तकलेच्या प्रत्येक प्रदर्शनात तुम्हाला भेटतं. प्रदर्शनात ते काळ्या कापडावर टेकवलेलं असतं. कापडावर टेकवून ठेवलेल्या वस्तूला स्क्रू लागत नाही, हे घरी आणल्यावर कळतं.

आमच्या साडूंनी असंच एक हरीण आणलं. लहानसहान नव्हे. दोन्ही हातांनी उचलावं लागेल, रिक्षात आडवं बसेल आणि शिंगं बाहेर राहतील, असं. साडू एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले आहेत. टूलरूममधून माणूस निवृत्त होतो, पण त्याच्यातून टूलरूम कधी निवृत्त होत नाही. त्यांच्या घरातल्या सगळ्या जुन्या स्विचबोर्डांच्या स्क्रूंच्या खाचा उभ्या आहेत. आडव्या खाचेत धूळ बसते, असं त्यांचं म्हणणं. एकदा इलेक्ट्रिशियन एक खाच तिरकी ठेवून गेला, तर साडू रात्री पाणी प्यायला उठले आणि ती सरळ करून मगच झोपले.

तर पहिल्या दिवशी हरीण एका खिळ्यावर टांगलं. पंखा तीनवर गेला की ते हलायचं. सकाळी बघावं तर भिंतीवर चढण चढत असायचं. मेहुणी म्हणाली, "अहो, याला चारी पायांशी स्क्रू मारा आणि मोकळे व्हा." वाक्याचा पहिला अर्धा भाग साडूंनी ताबडतोब मान्य केला. मोकळे मात्र ते पुढचे कित्येक महिने झाले नाहीत.

हार्डवेअरच्या दुकानात मी बरोबर होतो.

"काळा स्क्रू द्या."

"जिप्समचा का?"

जिप्समचा स्क्रू दिसायला काळा, मॅट, अगदी बस्तरचा भाचा शोभावा असा. पण त्याचा पिंड निराळा. पोलाद कडक केलेलं, म्हणून ठिसूळ. जिप्समची पाटी धरून ठेवायची एवढंच त्याचं काम. आडवं वजन टाकलं की तो वाकून इशारा देत बसत नाही, सरळ मोडतो. साडूंनी हे दुकानदाराला सविस्तर सांगितलं. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. दुकानदारानं सुटकेचा मार्ग म्हणून आरशाचे स्क्रू पुढं केले, म्हणजे बाथरूमच्या आरशाला चार कोपऱ्यांवर असतात ते, वर चकचकीत घुमटी टोपी फिरवून बसवायची. "यात स्क्रू दिसतच नाही," तो म्हणाला. हे खरं होतं. स्क्रूच्या जागी चार घुमट दिसले असते. मग त्यानं पितळी स्क्रू काढले. साडूंनी तेही परत केले. लोखंड आणि पितळ एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल शिरली की गंजायचं काम एकटं लोखंड करतं, पितळ तसंच मिरवत राहतं. साडूंना हे नात्यागोत्यातल्या अनुभवावरून पटलेलं असावं, कारण ते सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं.

भिंतीला इजा नको, वस्तू पडायला नको आणि कशानं धरलीय ते दिसायलाही नको, ही मागणी काही फक्त आमच्या साडूंची नाही. १९११ च्या सुमाराला लंडनच्या ब्रिटिश म्युझियमनंही हीच मागणी केली होती. विजेची फिटिंग्ज लावायची होती आणि भिंतींची नासधूस चालणार नव्हती. तोवरची रीत म्हणजे भिंतीत चांगलं खिंडार पाडायचं, त्यात लाकडाचा गुटका ठोकायचा आणि स्क्रू त्या गुटक्यात पिळायचा. काम घेतलेले जॉन जोसेफ रॉलिंग्स यांनी तागाच्या धाग्यांची, जनावराच्या रक्तानं चिकटवून घट्ट केलेली एक छोटी नळी केली. बारीक भोक, त्यात नळी, नळीत स्क्रू. स्क्रू आत शिरतो तशी नळी फुगते आणि भिंतीला धरते. आपण दुकानात रावळ प्लग मागतो, तो यांचाच वंशज. त्या काळचा ताग म्हणजे बहुधा बंगालचाच, तेव्हा लुटीचा माल भिंतीवर मिरवणाऱ्या त्या म्युझियममध्ये, भिंतीच्या आतही आपलं काहीतरी होतंच. पुढं १९५८ साली जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनचा प्लग काढला आणि रक्ताची गरज संपली. याच फिशरांनी त्याआधी कॅमेऱ्याच्या शटरबरोबर पेटणारा फ्लॅशही शोधला होता. म्हणजे स्क्रू भिंतीत गुपचूप बसवण्याची सोय एका माणसानं केली आणि बारशाच्या फोटोत तोच स्क्रू मागे ताऱ्यासारखा चमकण्याची सोयही त्याच माणसानं केली.

प्लगानं स्क्रूचं धड लपवलं. मुंडक्याचं काय, हा प्रश्न राहिलाच.

या बाबतीत जपान्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांच्या वाड्यांत तुळया आणि खांब जोडणारे मोठे खिळे असत आणि त्यांची डोकी दिसणं म्हणजे अप्रतिष्ठा. म्हणून त्यावर बसवायची धातूची दागिनेवजा झाकणं. कुगिकाकुशी म्हणतात त्यांना. क्योटोचा निजो किल्ला तोकुगावा इएयासूनं १६०३ साली बांधला. तिथल्या निनोमारू महालात ही झाकणं केवढी आहेत म्हणता? कागदात गुंडाळलेल्या फुलांच्या गुच्छाच्या आकाराची, सोन्याचा मुलामा दिलेली. खिळ्याचं डोकं लपवावं म्हणून हा थाट, आणि पर्यटक फोटो काढतात ते त्या थाटाचे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. त्याच गावातल्या कात्सुरा महालात मामला जरा नाजूक. तिथं नर्गिसाच्या फुलांची झाकणं आहेत. मला स्वतःला कात्सुरा पसंत आहे. लपवायचंच झालं तर एका फुलाआड लपावं, अख्ख्या गुच्छाआड कशाला? पण शोगनला एक फूल पुरत नसावं.

उलट आपल्याकडचे जुने दरवाजे बघा. लपवाछपवी नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे ते अणकुचीदार खिळे कुणी झाकायला सांगितले असते, तर पेशव्यांनी त्याला बिऱ्हाड हलवायला लावलं असतं. हत्तीनं कपाळानं धडक मारायची, म्हणून हत्तीच्या कपाळाच्या उंचीला खिळे. साध्या वाड्यांच्या दारांवरही घुमटी डोक्यांचे खिळे ओळीनं मिरवत असतात. मागच्या बाजूला गेलात तर त्यांची टोकं आडव्या फळीवर वळवून ठोकलेली दिसतात, म्हणजे दार उपसून काढायची कुणाची शामत नाही. कौतुक काय करायचं ते खिळ्याचंच करा, असा तो रोखठोक मामला.

आता तसल्या दरवाजाची फॅशन परत आली आहे. फ्लॅटच्या दाराला वाड्याचा लूक देतात. पत्र्याची पोकळ खिळ्याची डोकी मिळतात, मागे गोंद, ओळीनं चिकटवून द्यायची. त्यांनी काहीही धरलेलं नसतं. हत्ती लांब राहिला, कुरिअरवाल्यानं पावतीवर सही घेण्यासाठी दाराला कागद टेकवला तरी एखादं डोकं त्याच्या हातात येतं. ज्यानं भार घेतलाय तो स्क्रू लपवायचा आणि ज्यानं काहीच घेतलेलं नाही तो खिळा मिरवायचा, हे कार्यालयात बघत आलो होतो. दारावर बघायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या दारांवरच्या लोखंडी वेलबुट्टीची एक दंतकथा आहे. बिस्कोर्ने नावाच्या लोहाराला काम झेपेना, मुदत संपत आली, तेव्हा त्यानं सैतानाशी सौदा केला आणि सैतानानं ती वेलबुट्टी करून दिली. मधला दरवाजा मात्र सैतानाला जमला नाही, कारण त्यातून पवित्र प्रसादाची मिरवणूक जायची. ते काम पुढं एकोणिसाव्या शतकात बुलांजे नावाच्या कारागिरानं कुणाशीही सौदा न करता पुरं केलं. गंमत अशी की, कथा सांगणारे वेलीच्या नक्षीनं चक्रावलेले. खिळे दिसतात, अशी तक्रार कुणीच केलेली नाही. सैतानाकडे आत्मा गहाण ठेवून घेतलेल्या कामातही खिळे उघडेच. साडूंना हे मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "सैतानाचं काम असंच असणार."

अखेर त्यांनी साधे स्क्रू आणून काळे करायचं ठरवलं. कृती खरोखर चांगली आहे, ज्यांना हौस आहे त्यांनी करून पाहावी. आधी स्क्रूवरचं जस्त घालवायचं. त्यासाठी रात्रभर व्हिनेगरमध्ये. ही पायरी गाळायची नाही, कारण जस्तासकट तापवलं तर त्याच्या धुरानं थंडी वाजून ताप भरतो, वेल्डिंगवाल्यांना विचारा. सकाळी स्क्रू राखाडी होऊन निघतात. ते धुवायचे, पुसायचे, मग चांगले तापवून जवसाच्या तेलात सोडायचे. तेल जळून पातळ काळा थर बसतो, लोखंडाच्या मूळ रंगाशी इतका मिळता की भावंडंच. कृती चांगली, फक्त ती स्वयंपाकघरात करायची नसते. व्हिनेगर मेहुणीचं, वाटी चटणीची, सांडशी दुधाच्या पातेल्याची. तेलाचा धूर जिन्यानं वर गेला. चौथ्या मजल्यावरच्या काकू "भाजी लागली का हो?" असं विचारायला खाली आल्या आणि स्क्रू तळताना बघून काही न बोलता परत गेल्या. सोसायटीत साडूंविषयी जे मत होतं ते त्या दिवशी पक्कं झालं.

स्क्रू काळे झाले, बसले, चमक गेली. दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी साडूंना खाचा दिसू लागल्या. सपाट एका खाचेचे स्क्रू असते तर त्यांनी उभ्या करून टाकल्या असत्या. हे होते स्टारचे. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सनं १९३६ साली फुलीच्या खाचेचं पेटंट घेतलं, मोटारींच्या कारखान्यांनी ते उचलून धरलं, जगाचं काम सोपं झालं. पण एक आधार गेला. सरळ खाच उभी की आडवी हे सांगता येतं. फुलीचं काय? दोन स्क्रू अधिकाचं चिन्ह दाखवत होते, एक गुणिले, आणि चौथा या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी घुटमळत होता. तो अधिकावर आणावा तर सैल पडे, गुणिलेवर न्यावा तर प्लग फिरे. हरणाच्या पायाशी हे गणित सुटेना.

मग आम्ही घिसाड्याकडे गेलो. गावाबाहेरच्या रस्त्याकडेला पाल टाकून विळे-कोयत्यांना पाणी देत बसलेला म्हातारा होता. साडूंनी त्याला कागदावर फुलाचं चित्र काढून दाखवलं. स्क्रूच्या डोक्यावर बसेल असं फूल पाहिजे, मागे पोकळ, चार नग.

म्हाताऱ्यानं चित्र उलटसुलट करून पाहिलं. "खिळाच घडवून देतो की. चौकोनी डोक्याचा. फूल कशापायी?"

"डोकं दिसायला नको."

"डोकं लपवून कसं चालंल? घाव हितंच बसतो न्हवं?"

भिंतीत नुसता खिळा टिकत नाही, आधी प्लग लागतो, असं साडू म्हणाले. "मंग भिंत कच्ची हाय तुमची," म्हातारा म्हणाला. यावर टूलरूमपाशी उत्तर नव्हतं. शेवटी त्यानं साडूंनी खिशातून काढलेले चार कोच स्क्रू घेतले. ते बिनपाण्याचे, कोरे होते, एवढी काळजी साडूंनी घेतली होती. त्याच्या बायकोनं भाता हलवला, डोकी लाल झाली आणि त्यानं एकेका डोक्यावर मोजून चार-पाच घाव घातले. सहा बाजूंचं कारखानी डोकं जाऊन चार उतारांचं, पाड्याच्या शिंगाला शोभेल असं रांगडं डोकं तयार झालं. खाच नाहीच. फिरवायला कडेनं पाना लावायचा. पैसे त्यानं आरशाच्या टोप्यांपेक्षा कमी घेतले. माझ्या मते प्रश्न तिथं सुटला होता. हरीण लोखंडाचं, डोकी लोखंडाची, दोघांच्या अंगावर हातोड्याचे वळ. ते चार स्क्रू हरणाबरोबरच जन्मलेले वाटत होते.

पण साडूंना दिसायला नको होतं म्हणजे नकोच होतं.

लपवण्याचा शेवट काय होतो, हे पाहायचं असेल तर कोकणात जावं. रत्नागिरीत एका ओळखीच्या घरी व्हरांड्याच्या भिंतीवर घडीव लोखंडाची वेल आहे. बसवणारा हुशार. प्रत्येक स्क्रू त्यानं एकेका पानाखाली असा दडवला की शोधून सापडणार नाही. दोन पावसाळे गेले. आता प्रत्येक स्क्रूच्या जागेपासून खाली तांबडा ओघळ आला आहे, वीतभर लांब, पांढऱ्या चुन्यावर. उघडा स्क्रू निदान पुसता येतो, तेलाचं बोट लावता येतं. झाकलेल्याला ओल धरते, आणि आत काय चाललंय ते कळतं तेव्हा भिंतीनं जाहीर केलेलं असतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

साडूंनी शेवटी जो मार्ग काढला तो मात्र अभियांत्रिकीच्या दृष्टीनं निर्दोष होता. हरणाच्या पाठीमागे त्यांनी दोन पट्ट्या जोडून घेतल्या. पट्ट्यांना चावीच्या भोकासारख्या खाचा, वर अरुंद, खाली रुंद. भिंतीत स्क्रू, डोकी जरा बाहेर. हरीण त्यावर टेकवायचं आणि अर्धा इंच खाली सरकवायचं. टक्. वजनानंच घट्ट. वर उचललं जाऊ नये म्हणून डाव्या शिंगामागे आणखी एक बारीक स्क्रू, बाजूनं, फक्त साडूंना ठाऊक असलेल्या कोनातून पिळलेला. समोरून काही म्हणजे काही दिसत नाही. हरीण भिंतीपासून बोटभर सुटं, आपल्याच मर्जीनं उभं.

आता पाहुणे स्क्रूबद्दल काही म्हणत नाहीत. ते गाल भिंतीला टेकवून हरणाच्या मागे बघतात. मी मोजले नाहीत, पण हरणाच्या दोन्ही बाजूंना खोबरेल तेलाचे डाग आहेत, वेगवेगळ्या उंचीचे. नात्यात कोण किती उंच, ते त्यावरून लावता येईल.

त्या डागांपायीच यंदा रंगारी आला. हरीण काढायला त्यानं हात घातला, ते हललं नाही. मुकादमानं ओढलं, हललं नाही. साडू नेमके मुलाकडे बंगळुरूला. फोनवर त्यांनी शिंगामागचा कोन समजावून सांगितला. रंगाऱ्यानं तीन वेळा "हां साहेब" म्हणून हरणाभोवती चिकटपट्टी लावली आणि सगळी भिंत रंगवून टाकली. मागे अजून जुना मोतिया रंग आहे, हुबेहूब हरणाच्या आकाराचा. बिल देताना त्यानं प्रामाणिकपणे विचारलं, "मागचं राहिलंय, त्याचं चौरस फुटांत कमी करू का?"

साडू परत आल्यावर त्यांनी हा विषय कायमचा निकालात काढला. हरीण कसं उतरवायचं याची आकृती काढली, मापं घातली, कोन अंशांत दिला, मराठीत आणि इंग्रजीत सूचना लिहिल्या, कागद लॅमिनेट करून घेतला. हरवू नये म्हणून तो हरणाच्या पाठीला चिकटवला आणि हरीण पुन्हा जागेवर बसवलं.